वैयक्तिक जीवनशैली आणि राजकीय चळवळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवनशैलीतील निवड राजकीय केव्हा ठरते?

आपण काय खातो, काय नेसतो, कशाने प्रवास करतो, कोणाकडून खरेदी करतो, घरातील कामे कशी वाटून घेतो, कोणत्या समारंभाला जाण्याचे नाकारतो, हे सारे निर्णय जीवनशैलीत मोडतात. यांतील प्रत्येक निर्णय कोणत्या ना कोणत्या सत्तासंबंधाशी जोडलेला असतो, म्हणून ‘सगळेच राजकीय आहे’ असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण त्या विधानाने हाती काही लागत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. या निर्णयामुळे कोणावर दबाव येतो? त्या व्यक्तीकडे वा संस्थेकडे नेमके काय मागितले आहे? आणि ती मागणी मान्य झाली तर हा निर्णय मागे घेता येईल का? तिन्हींची उत्तरे देता आली, तर तो निर्णय राजकीय कृतीच्या जवळ पोहोचला आहे असे समजावे. देता आली नाहीत, तर तो निर्णय चांगला, विवेकी, कदाचित अनुकरणीयही असेल, पण अजून घरापुरताच आहे.

घरापुरते असणे हा दोष नव्हे. सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे जगण्यासाठी कोणाला चळवळीची परवानगी काढावी लागत नाही. गोंधळ सुरू होतो तो घरापुरत्या निर्णयालाच चळवळ समजले जाते तेव्हा.

मी एकट्याने एखादी वस्तू सोडली तर काय फरक पडतो?

त्या वस्तूच्या एकूण खपावर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. हे ऐकायला रुचत नाही, पण खरे आहे. किंबहुना पुष्कळ लोकांनी एकाच वेळी वागणे बदलले तरी काय होते, याचा एक नकोसा प्रयोग साऱ्या जगाने २०२० साली पाहिला. महासाथीमुळे विमाने जमिनीवर उभी राहिली, रस्ते ओस पडले, कोट्यवधी लोकांनी घराबाहेर पाऊल टाकले नाही. आणि तरीही त्या वर्षातील जागतिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन आधीच्या वर्षाच्या तुलनेत पाच टक्क्यांच्या आसपासच घटले. पुढच्याच वर्षी ती घट बहुतांशी भरून निघाली. वीज त्याच इंधनावर तयार होत होती, पोलाद आणि सिमेंट त्याच भट्ट्यांतून निघत होते. घरात बसलेल्या माणसाला त्या भट्टीचे इंधन निवडण्याचा अधिकार कधी नव्हताच.

यावरून वैयक्तिक निर्णय व्यर्थ आहेत असे अनुमान काढू नये. अनुमान इतकेच निघते, की अशा निर्णयांचे मोल मोजताना वाचवलेल्या किलोग्रॅमांची बेरीज करत बसणे ही चुकीची पद्धत आहे. त्यांचे मोल, असलेच तर, दुसरीकडे शोधावे लागते.

बहिष्कारात सहभागी होणे हाही वैयक्तिक निर्णयच असतो. मग बहिष्कार यशस्वी का होतात?

कारण यशस्वी बहिष्कारामागे क्वचितच नुसत्या वैयक्तिक निर्णयांची बेरीज असते. अमेरिकेतील माँटगोमेरी शहराचे उदाहरण या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे, कारण ते नेहमी चुकीच्या पद्धतीने सांगितले जाते. एका थकलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडायला नकार दिला आणि त्यातून चळवळ उसळली, अशी ती गोष्ट सांगतात. प्रत्यक्षात रोझा पार्क्स नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या शहर शाखेच्या सचिव म्हणून काम केलेल्या मुरलेल्या कार्यकर्त्या होत्या, आणि अटकेच्या काही महिने आधी, १९५५ च्या उन्हाळ्यात, त्यांनी हायलँडर येथील कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणवर्गाला हजेरी लावली होती. १ डिसेंबर १९५५ रोजी त्यांना अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महाविद्यालयातील चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रके काढली. त्यांची महिला संघटना बसबहिष्काराची जुळवाजुळव आधीपासून करत होती. फक्त तारीख घालायची बाकी होती.

त्यानंतरचे काम पाहिले की ‘मी बसने जाणार नाही’ या साध्या निर्णयाला केवढा आधार लागतो ते कळते. माणसांना कामावर तर जायचेच होते. टॅक्सीचालकांनी बसच्याच दरात, म्हणजे दहा सेंटमध्ये, लोकांना नेण्यास सुरुवात केली, तेव्हा नगरप्रशासनाने किमान भाड्याचा नियम पुढे केला. मग खासगी मोटारींची व्यवस्था उभी राहिली: सुमारे ३०० गाड्या, ठरलेले थांबे, वेळापत्रक, पेट्रोलसाठी वर्गणी. गाड्यांचे विमे रद्द करण्यात आले, तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला. पुढाऱ्यांवर बहिष्कारविरोधी जुन्या कायद्याखाली खटले भरले गेले. आणि या सर्वांच्या जोडीला बसमधील वर्णविभाजनाविरुद्धचा दावा न्यायालयात चालू होता. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बहिष्कारकर्त्यांच्या बाजूने लागला, आणि योगायोग असा की त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने मोटारींची व्यवस्था बंद करण्याचा आदेश दिला. निकाल आणखी काही महिने लांबला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. बहिष्कार ३८१ दिवस चालला.

तेव्हा ‘लोकांनी निर्धार केला आणि पायी चालले’ हे अर्धे सत्य आहे. निर्धार टिकवण्यासाठी कोणीतरी विम्याचे कागद भरत होते. प्रवाशांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय होते, म्हणून बसकंपनीचे नुकसान खरोखर जिव्हारी लागणारे होते. आणि मागणी इतकी स्पष्ट होती की ती मान्य झाली की नाही हे कोणालाही सांगता आले असते.

‘जे खासगी तेच राजकीय’ या घोषणेचा अर्थ काय?

ज्या अर्थाने ती आज वापरली जाते, त्याच्या जवळजवळ उलट. अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीच्या कार्यकर्त्या कॅरल हॅनिश यांनी १९६९ साली लिहिलेला लेख पुढच्या वर्षी या शीर्षकाखाली छापला गेला. शीर्षक संपादकांनी दिलेले होते. स्त्रियांनी एकत्र बसून आपापल्या घरातले अनुभव सांगणे म्हणजे निव्वळ मनाचे उपचार, खरे राजकारण नव्हे, असा आक्षेप घेतला जात होता, आणि त्याला त्यांनी या लेखात उत्तर दिले. त्यांचा मुद्दा असा होता की प्रत्येकीला आपली वाटणारी अडचण बहुतेक जणींची एकसारखीच निघते, म्हणून तिचे कारण प्रत्येकीच्या स्वभावात नसून समाजाच्या रचनेत आहे. आणि म्हणूनच त्यावर वैयक्तिक उपाय चालणार नाही, सामूहिक कृतीच करावी लागेल. आज मात्र हीच घोषणा ‘माझी खरेदी हेच माझे राजकारण’ या अर्थाने फिरवली जाते.

मूळ अर्थाला साजेसे उदाहरण आइसलंडने घालून दिले. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तेथील सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी त्या दिवशी कोणतेही काम न करण्याचे ठरवले. कार्यालयातील नाही, कारखान्यातील नाही, आणि घरातीलही नाही. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे सांभाळणे हे प्रत्येक घरातले ‘आपसातले’ विषय एका दिवसासाठी साऱ्या देशाचा विषय झाले. पुरुष मुलांना बरोबर घेऊन कामावर गेले. पुढच्याच वर्षी तेथील संसदेने समान हक्कांचा कायदा केला. आपापल्या घरात नवऱ्याशी कामाच्या वाटणीवरून वाद घालणाऱ्या स्त्रिया त्याआधीही होत्याच. त्या दिवशी वेगळे इतकेच घडले की तो वाद सर्वांनी एकाच तारखेला घातला.

ज्यांना मताधिकारच नाही, त्यांच्याजवळ जीवनशैलीखेरीज दुसरे काय असते?

हा प्रश्न वैयक्तिक निर्णयांची थट्टा करणाऱ्यांनी अवश्य वाचावा. १७९१ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला. त्याच वर्षी वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य करण्याचे आवाहन करणारे एक पत्रक निघाले, आणि चळवळीतील थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजानुसार सुमारे तीन लाख लोकांनी गुलामांच्या श्रमातून आलेली साखर सोडली. संसदेत बसण्याचा तर सोडाच, मत देण्याचाही हक्क स्त्रियांना नव्हता. पण घरात साखर येणार की नाही हे मोठ्या प्रमाणात त्यांच्या हातात होते. सत्तेच्या सर्व दरवाजांना कुलूप असताना त्यांनी उघडा असलेला एकमेव दरवाजा वापरला.

मात्र तो दरवाजा त्यांना पुढे कोठे घेऊन गेला हे पाहणे महत्त्वाचे आहे. १८२० च्या दशकात एलिझाबेथ हेरिक यांनी लेस्टर शहरात घरोघर फिरून साखरबहिष्काराचा प्रचार केला, आणि त्याच वेळी गुलामगिरी टप्प्याटप्प्याने नव्हे तर तत्काळ संपली पाहिजे अशी मागणी लावून धरली. चळवळीतील नामवंत पुरुष पुढाऱ्यांना ही मागणी अतिरेकी वाटत होती. तेव्हा १८३० साली बर्मिंगहॅमच्या महिला मंडळाने आपला निधी रोखण्याचा इशारा दिला, आणि राष्ट्रीय संघटनेला आपल्या नावातून व धोरणातून टप्प्याटप्प्याची भाषा काढून टाकावी लागली. साखर सोडण्यातून जमलेल्या मंडळांना अशा रीतीने संघटनेचे धोरण फिरवण्याची ताकद आली. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ साली झाला. त्यामागे संसदेवर लोटलेले अर्ज होते, आणि सर्वांत मोठी किंमत मोजून झालेले खुद्द गुलामांचे उठाव होते, विशेषतः १८३१ च्या अखेरीचा जमैकातील उठाव. साखरेला त्याचे सारे श्रेय देणे हा त्या उठावकऱ्यांवर अन्याय होईल.

व्यक्तीच्या सवयींवर भर देणे हा मोठ्या कंपन्यांचा डाव आहे, असे म्हणतात. ते खरे आहे का?

पुष्कळ अंशी खरे आहे, आणि त्याचे पुरावे सार्वजनिक आहेत. अमेरिकेत १९५३ साली ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही संस्था स्थापन झाली, तिच्यामागे डबे, बाटल्या आणि पेये बनवणाऱ्या कंपन्या होत्या. कचरा ही बेशिस्त नागरिकांची समस्या आहे, असा तिच्या जाहिरातींचा सूर असे. परत घेण्याजोग्या बाटल्यांची जागा एकदा वापरून फेकायच्या वेष्टनांनी घेत असतानाच हा सूर लावला गेला, हे लक्षात घेतले पाहिजे. तसेच, प्रत्येक व्यक्तीचा ‘कार्बन फूटप्रिंट’ मोजण्याची कल्पना जनमानसात रुजवण्यात २००० च्या दशकाच्या मध्यात बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातमोहिमेचा मोठा हात होता. स्वतःचे उत्सर्जन मोजून पाहा, असे तेल विकणारी कंपनी गिऱ्हाइकाला सांगत होती!

पण यातून काही जण भलताच निष्कर्ष काढतात: सगळा दोष कंपन्यांचा, तेव्हा मी काहीही करण्याची गरज नाही. कंपन्यांना हा निष्कर्षही सोयीचाच आहे. स्वतःला दोष देत बसणारा ग्राहक त्यांना जितका निरुपद्रवी वाटतो, तितकाच हात झटकून मोकळा झालेला ग्राहकही वाटतो. त्यांना गैरसोयीचा असतो तो, जो वेष्टन परत घेण्याची सक्ती करणारा कायदा मागतो आणि त्यासाठी दहा शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करतो.

मग वैयक्तिक बदलांचा मोठ्या बदलाला खरा उपयोग कोठे होतो?

पहिला उपयोग पायवाट पाडण्याचा. क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोनच्या थराला धोका आहे, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडले. त्यानंतर अमेरिकेतील असंख्य ग्राहकांनी कायदा होण्याआधीच हे वायू वापरणारे फवाऱ्याचे डबे घेणे कमी केले. एका मोठ्या उत्पादकाने १९७५ साली हे वायू वापरणे थांबवल्याचे जाहीर केले. पर्याय चालतो, धंदा बुडत नाही, हे दिसल्यावर १९७८ साली फवाऱ्यांवर बंदी घालणे राजकीयदृष्ट्या फार अवघड राहिले नाही. पण शीतकपाटे आणि वातानुकूलन यंत्रे यांत हेच वायू होते, आणि तेथे ग्राहकाजवळ दुसरी निवडच नव्हती. ती गाठ १९८७ च्या माँट्रियल कराराने सोडवली. ग्राहकांचा नकार जेथपर्यंत पोहोचू शकत होता तेथपर्यंत पोहोचला, आणि पुढचे अंतर कराराने कापले.

दुसरा उपयोग इतरांना दिसण्याचा. कॅलिफोर्नियातील सौर पॅनेलांच्या नोंदींवरील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की एखाद्या परिसरात पॅनेल बसले की आसपासच्या घरांवर नवे पॅनेल बसण्याची शक्यता वाढते. शेजाऱ्याने केले म्हणजे ते शक्य आहे, या जाणिवेचे बळ माहितीपत्रकापेक्षा जास्त असते. म्हणून लपूनछपून केलेल्या त्यागाला राजकीय मूल्य फारसे नसते. नैतिक मूल्य असेल.

तिसरा उपयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण तो मोजता येत नाही: नकार देण्याचा सराव. १९ जुलै १९८४ रोजी डब्लिनमधील एका दुकानात गल्ल्यावर बसलेल्या मेरी मॅनिंग या तरुणीने दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या दोन ग्रेपफ्रूटची विक्री नोंदवायला नकार दिला. कामगार संघटनेने तशी सूचना दिलेली होती. तिला निलंबित केले, तेव्हा तिचे सहकारी बाहेर पडले आणि संप सुरू झाला. त्यांपैकी बहुतेकांना त्या दिवशी वर्णभेदी राजवटीबद्दल फारसे ठाऊकही नव्हते. ते सारे पुढे, दुकानाबाहेर उभे असताना, दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेल्या एका कार्यकर्त्याकडून त्यांना कळत गेले. हे संपकरी जवळजवळ तीन वर्षे उभे राहिले, आणि १९८७ साली आयर्लंडच्या सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळा-भाज्यांची आयात बंद केली. आधी सगळे समजून घ्यायचे आणि मग कृती करायची, हा क्रम दर वेळी पाळला जातोच असे नाही.

आधी लोकांच्या सवयी बदलाव्या लागतात की आधी कायदे?

बहुतेक वेळा सवय ही व्यवस्थेच्या मागोमाग येते, असे माझे मत आहे. नेदरलँड्समध्ये लोक सायकल चालवतात ते त्यांच्या रक्तातच आहे, असे समजले जाते. वास्तविक १९५० आणि १९६० च्या दशकांत तेथेही मोटारींची संख्या झपाट्याने वाढत होती आणि सायकल मागे पडत होती. १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ त्यातून उभी राहिली, लोक रस्त्यांवर उतरले, १९७३ च्या तेलसंकटाने सरकारलाही वेगळा विचार करायला लावले, आणि पुढील काही दशकांत सायकलसाठी स्वतंत्र रस्त्यांचे जाळे तयार झाले. आजचा सायकलस्वार रोज सकाळी कोणतीही नैतिक निवड करत नाही. रस्ता तसा आहे, म्हणून तो सायकलने जातो.

शिसेयुक्त पेट्रोलचे उदाहरण तर आणखी सरळ आहे. श्वास घेताना शिसे टाळण्याची कोणतीही जीवनशैली नव्हती. देशोदेशी कायदे झाले, आणि २०२१ साली मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, तोही थांबला.

पण कधी कायदा असतो आणि कोणी पाळत नाही. तेव्हा काय?

तेव्हा माणसाचे शरीर पुढे यावे लागते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पाणी पिण्याइतकी खासगी, रोजची क्रिया दुसरी नसेल. ती सर्वांनी मिळून, दिवसाढवळ्या, सांगून केली, म्हणून तिने व्यवस्थेला आव्हान दिले. त्याच वेळी महाडला भरलेल्या परिषदेत मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचे आवाहनही होते. याकडे नुसती राहणीमानातील सुधारणा म्हणून पाहणे चूक आहे. जातीने लादलेल्या श्रमाला दिलेला तो नकार होता, आणि तो नकार देणाऱ्यांना गावोगाव त्याची किंमत मोजावी लागली. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली निकालात निघाला, म्हणजे कृतीनंतर तब्बल दहा वर्षांनी.

कार्यकर्त्याचे स्वतःचे वागणे त्याच्या मागणीशी जुळलेच पाहिजे का?

शक्य तेथे जुळावे. पण न जुळण्याने मागणी खोटी ठरत नाही. सार्वजनिक वाहतूक सुधारा असे म्हणणारा माणूस मोटारीने सभेला आला, तर ते बहुधा त्याच्या मागणीचेच समर्थन असते: बस नव्हती म्हणून तो मोटारीने आला. ढोंगीपणाचा आरोप करणाऱ्याला मुद्द्यावर उत्तर सुचत नसते तेव्हा तो माणसावर घसरतो, हे वादविवादात नेहमीच दिसते. तरीही हा आरोप सर्वस्वी झटकून टाकू नये. जे इतरांकडून मागतो आहोत ते स्वतःला सहज शक्य असूनही आपण करत नसू, तर ऐकणाऱ्याचा विश्वास डळमळतो, आणि विश्वास हे संघटनेचे भांडवल असते. स्वतःला सवलत आणि इतरांना उपदेश, ही जोडी लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

चळवळीत येण्यासाठी विशिष्ट राहणी ही अट असावी का?

नसावी. हा प्रयोग अत्यंत सन्माननीय हेतूने, आणि अतिशय मोठ्या माणसाच्या आग्रहाने, करून झालेला आहे. १९२४ साली काँग्रेसच्या सभासदत्वासाठी वर्गणीऐवजी दरमहा २००० यार्ड सूत देण्याची अट घालण्यात आली. महात्मा गांधींची त्यामागची भूमिका सुसंगत होती: ज्याला देशासाठी रोज थोडा वेळ चरख्यावर बसता येत नाही, त्याची निष्ठा कशी ओळखायची? पण सभासदसंख्या रोडावली, आणि १९२५ साली ती अट ऐच्छिक करून कताईसाठी स्वतंत्र अखिल भारतीय चरखा संघ काढावा लागला. याच गांधीजींनी १९३० साली मिठाचा प्रश्न निवडला, तेव्हा दांडीयात्रेत चालण्यासाठी शिस्तीत वाढलेले ७८ आश्रमवासी घेतले, पण कायदेभंगात सामील होण्यासाठी मूठभर मीठ उचलण्यापलीकडे कोणाकडून काही मागितले नाही. आघाडीवर कडक शिस्त, दारात मात्र कमीत कमी अटी.

याचे घरगुती स्वरूप सभांमधून पाहायला मिळते. विषयपत्रिकेवर तीन मुद्दे असतात: निवेदनाचा मसुदा, पुढच्या मोर्च्याची तारीख, हिशेब. कोणीतरी नवखा प्लॅस्टिकची बाटली घेऊन येतो, आणि पहिला अर्धा तास त्या बाटलीत जातो. मसुदा तसाच राहतो. तो नवखा पुढच्या सभेला येत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याच्या ओळखीचे जे दहा जण आले असते तेही येत नाहीत. मागे उरतात ते एकमेकांचे वागणे तपासण्यात पटाईत झालेले मोजके लोक.

ज्यांना ‘योग्य’ वस्तू परवडत नाहीत, त्यांनी काय करावे?

अपराधी वाटून घेऊ नये. ज्या राजकारणाचा प्रवेश पैशाने विकत घ्यावा लागतो, त्यात ज्याच्याजवळ जास्त पैसा त्याची मते जास्त, असा हिशेब आपोआप तयार होतो; लोकशाहीच्या कल्पनेशी तो मुळातच विसंगत आहे. शिवाय ज्याला आधीच कमी मिळते तो वापरतोही कमी. त्यागाचे पहिले आवाहन त्याच्या दारात घेऊन जाण्याचे काही कारण नाही.

समाजमाध्यमांवर आपली निवड जाहीर करणे ही राजकीय कृती आहे का?

त्या मजकुरात कोठे जमायचे, कोणाला पत्र लिहायचे, कोणती तारीख, यांपैकी काही असेल तर आहे. नुसते छायाचित्र असेल तर ती स्वतःची ओळख करून देणे आहे, आणि त्यातही वावगे काही नाही.

चळवळीसाठी वेळ मिळत नाही. निदान जीवनशैली बदलली तर पुरे नाही का?

वेळेची अडचण खरी असते, म्हणून उत्तरही व्यवहारी द्यायला हवे. काटेकोर राहणीला लागणारा वेळ कोणी मोजत नाही: प्रत्येक वेष्टन वाचणे, प्रत्येक पर्याय पडताळणे, त्यावरून घरात वाद घालणे. त्याच्या अर्ध्या वेळात एखाद्या संघटनेची वर्गणी भरणे, तिच्या सभेला महिन्यातून एकदा जाणे आणि लोकप्रतिनिधीला एक मुद्देसूद पत्र लिहिणे जमून जाते. शिवाय आपण आपल्या वाटणीचे केले, असे समाधान माणसाला लवकर मिळते आणि त्या समाधानात पुढचे पाऊल राहून जाते. ज्याला खरोखर एकच गोष्ट करणे शक्य आहे, त्याने वस्तू बदलण्याऐवजी सभासद व्हावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

बहिष्कार केव्हा थांबवावा?

मागणी मान्य झाल्याबरोबर, जाहीरपणे आणि सर्वांनी एकाच वेळी. हे सांगावे लागते, कारण पुष्कळांना वर्ज्य केलेली वस्तू पुन्हा घेणे म्हणजे तत्त्वच्युती वाटते. ज्याच्यावर दबाव आणला त्याने मागणी मान्य करूनही त्याच्या पदरात काही पडणार नसेल, तर पुढच्या वेळी तो मान्य तरी कशाला करील? कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या द्राक्षबहिष्कारात हे नेमकेपणाने पाळले गेले. सप्टेंबर १९६५ मध्ये डेलानो परिसरात फिलिपिनो मजुरांनी संप सुरू केला, काही दिवसांत सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्टा यांची संघटना त्यात उतरली, आणि पुढे देशभरातील गिऱ्हाइकांना ही द्राक्षे न घेण्याचे आवाहन झाले. ज्या बागायतदाराने मजुरांशी करार केला, त्याच्या पेट्यांवर संघटनेचे चिन्ह लागे आणि ती द्राक्षे घ्या असे संघटना स्वतः सांगे. जुलै १९७० मध्ये डेलानोच्या बागायतदारांनी करार केले आणि बहिष्कार उठला.

करार तीन वर्षांचे होते. १९७३ साली त्यांची मुदत संपली, तेव्हा बहुतेक बागायतदारांनी मजुरांचे मत न घेता दुसऱ्याच संघटनेशी करार केले, आणि बहिष्कार पुन्हा पुकारावा लागला. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार कायद्यातून शेतमजुरांना वगळलेले असल्याने आपली संघटना गुप्त मतदानाने निवडण्याचा हक्क त्यांना नव्हता. तो हक्क देणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९७५ साली केला, आणि त्यानंतर मजुरांनी कोणत्या संघटनेला निवडायचे याचा निर्णय मतपेटीत होऊ लागला.